चौथ्या खेळीलाच घोडा दिला! बडोद्यातल्या एका डावाचा प्रकरण अभ्यास

बडोद्यात अकोटा भागातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये झालेल्या रेटिंग स्पर्धेतला हा डाव आहे. फेरी पाचवी, प्रत्येकाला ९० मिनिटं आणि दर खेळीला ३० सेकंदांची भर. काळे मोहरे माझ्या एका विद्यार्थिनीकडे होते. ती नववीत आहे आणि दांडिया बाजारातल्या आमच्या रविवारच्या वर्गाला लहानपणापासून येते. समोर अहमदाबादहून आलेला कॉलेजातला मुलगा, रेटिंगनं तिच्यापेक्षा बराच वर. डाव बरोबरीत सुटला. निकालात सांगण्यासारखं फारसं काही नाही. पण पहिल्या वीस खेळ्यांत जे घडलं ते ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, शिकणाऱ्यानं आणि शिकवणाऱ्यानंही सावकाश पाहावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून तिच्या आणि तिच्या आईवडिलांच्या संमतीनं तो डाव इथे मांडतो आहे. खेळाडूंची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

खेळ्या वाचताना एवढं लक्षात ठेवा: उभे स्तंभ ए ते एच, आडव्या ओळी १ ते ८. घो म्हणजे घोडा, उ उंट, ह हत्ती, व वजीर, रा राजा. प्याद्याला अक्षर नाही. × म्हणजे मारणं, + म्हणजे शह. आकड्यापुढे तीन टिंबं असली तर ती काळ्याची खेळी. शेजारी पट मांडून वाचलं तर जास्त मजा येईल.

शांत ओपनिंगमधला बॉम्ब

१. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-एफ६

ही पेट्रॉफ बचाव पद्धती. एकोणिसाव्या शतकातला रशियन खेळाडू अलेक्झांडर पेट्रॉफ याच्या नावानं ती ओळखली जाते. तिचा पहिला सविस्तर अभ्यास कार्ल यानिश यानं १८४२ मध्ये छापला. आपलं ई५ वरचं प्यादं राखत बसण्यापेक्षा समोरच्याच्या ई४ वरच्या प्याद्यावर उलट मारा करायचा, एवढीच मूळ कल्पना. आजही तिला मान आहे. माजी जगज्जेता व्लादिमिर क्रामनिक वर्षानुवर्षं ती खेळला. २०१८ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत फाबियानो कारुआनानं मॅग्नस कार्लसनविरुद्ध तीच वापरली आणि ते डाव बरोबरीत सुटले. मुलांचे पालक मला विचारतात, "सर, काळ्यानं सुरक्षित असं काहीतरी शिकवा ना", तेव्हा पेट्रॉफचं नाव निघतंच. माझ्या या विद्यार्थिनीनंही ती निवडली याच कारणासाठी. तिला गुंतागुंतीच्या हाणामारीपेक्षा स्वच्छ, मोकळा पट आवडतो.

३. घो×ई५ डी६

इथे नवशिके हमखास फसतात. ई५ चं प्यादं गेलं म्हणून लगेच ३... घो×ई४ खेळावंसं वाटतं. मग ४. व-ई२ येतं, आणि हल्ला झालेला घोडा घाईघाईनं ४... घो-एफ६ असा मागे घेतला की ५. घो-सी६+. घोडा हलताच वजिराचा उघडा शह बसतो आणि सी६ वरचा घोडा काळ्याच्या वजिरावर चालून जातो. वजीर गेला. म्हणून आधी डी६ खेळून पांढऱ्या घोड्याला हाकलायचं आणि मगच ई४ वर हात घालायचा. हे तिला पाठ होतं. तीन खेळ्या झाल्या तेव्हा तिची जेमतेम २ मिनिटं गेली होती.

पुढची खेळी ४. घो-एफ३ असणार असं धरूनच ती बसली होती. दहातले नऊ जण तीच खेळतात. हा मुलगा दहावा निघाला.

४. घो×एफ७

घोडा सरळ एफ७ च्या प्याद्यावर. तिथून तो डी८ चा वजीर आणि एच८ चा हत्ती, दोघांवर एकदम चालून जातो. म्हणजे राजानं त्याला मारण्यावाचून इलाज नाही. ४... रा×एफ७, आणि काळ्याचा किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवून राजाला सुरक्षित नेणं) संपला. पांढऱ्यानं एका घोड्याच्या बदल्यात दोन प्यादी घेतली, ई५ चं आणि एफ७ चं. शिवाय राजा उघड्यावर आला.

याला कॉक्रन गॅम्बिट म्हणतात (गॅम्बिट म्हणजे हल्ल्यासाठी सुरुवातीलाच मुद्दाम काहीतरी देणं), आणि त्याची जन्मकथा आपल्याकडची आहे. जॉन कॉक्रन हा स्कॉटिश बॅरिस्टर कलकत्त्यात वकिली करत असे. १८४८ मध्ये तिथेच त्यानं मोहेशचंद्र बॅनर्जी या बंगाली खेळाडूविरुद्ध हा घोडा दिला. बॅनर्जी देशी बुद्धिबळाच्या मुशीतून आलेले. राजाच्या बाजूचं प्यादं एक घर सरकवून उंट कोपऱ्याच्या तिरकीवर बसवायचा, ही त्यांची सवय. ज्या बचावांना पुढे जगानं इंडियन म्हटलं, त्यांचे सुरुवातीचे नमुने कॉक्रन आणि बॅनर्जी यांच्या डावांत सापडतात. हा बलिदानाचा डाव केवळ जुनाट गंमत म्हणून उरला असंही नाही. १९९९ च्या लिनारेस स्पर्धेत वेसेलिन टोपालोव्हनं खुद्द क्रामनिकविरुद्ध हाच घोडा एफ७ वर टाकला होता. तो डाव बरोबरीत सुटला.

बारा मिनिटं एका सक्तीच्या खेळीवर

तिच्या स्कोअरशीटवर प्रत्येक खेळीपुढे घड्याळातली वेळ लिहिलेली आहे. ही सवय मी सगळ्या मुलांना लावतो, आणि या डावाचा अभ्यास त्या बारीक आकड्यांशिवाय झालाच नसता. चौथ्या खेळीला तिनं १२ मिनिटं घेतली. खेळी तर एकच होती, राजानं घोडा मारणं.

वर्गात आम्ही कॉक्रन गॅम्बिट एकदा पाहिला होता. खेळ्या तिला आठवत नव्हत्या. घोडा एफ७ वर पडतो, एवढं चित्र फक्त डोळ्यांपुढे होतं. त्या १२ मिनिटांत ती काय करत होती हे नंतर तिनं सांगितलं: ५. उ-सी४+ असा शह येणार असं धरून त्यावरची उत्तरं शोधत होती. शोधलेलं उत्तर बरोबरही होतं, ५... डी५ खेळून उंटाची तिरकी तिथल्या तिथे बंद करायची. पण समोरच्यानं तो शह दिलाच नाही. त्यानं खेळलं ५. डी४, आणि तेही झटकन.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या खेळीला पर्याय नाही ती लगेच खेळावी आणि विचार पुढच्या खेळीला, पट प्रत्यक्ष समोर आल्यावर करावा. समोरचा काय खेळणार याचे दोन-तीन फाटे असताना आधीच एकाच फाट्यावर वेळ घालवला, तर बहुतेकदा तो वाया जातो. याच्या विरोधातही एक गोष्ट खरी आहे: धक्का बसल्यावर छाती धडधडत असताना माणसानं थोडं थांबलेलं चांगलं. पण त्यासाठी दोन मिनिटं पुरतात.

५. डी४ ही शहापेक्षा जास्त पोचलेली खेळी आहे. आधी तिच्यातला सापळा पाहू. ई४ चं प्यादं आता मोकळं दिसतं. ते ५... घो×ई४ असं उचललं तर ६. व-एच५+. जी६ नं शह अडवला की ७. व-डी५+ असा दुसरा शह, आणि मग वजीर ई४ चा घोडा निवांतपणे घेतो. राजा ई७ ला सरकला तरी वजीर ई२ वर परत येऊन घोड्याला राजाच्या रेषेत खिळवून ठेवतो. हातात एक घोडा जास्त असताना आणखी एका प्याद्याच्या मागे लागलेला काळा असा सगळंच गमावतो. बारा-तेराशे रेटिंगच्या मुलांच्या डावांत मी हे किती वेळा पाहिलं आहे.

माझी विद्यार्थिनी त्या प्याद्याच्या मागे लागली नाही. पण त्यासाठी आणखी १९ मिनिटं गेली. पाचवी खेळी पटावर आली तेव्हा ९० पैकी जेमतेम तासभर उरला होता आणि समोरच्याचं घड्याळ जवळजवळ भरलेलं होतं.

मात्र ती १९ मिनिटं वाया गेली असं मी म्हणणार नाही. त्यातच या डावातला सगळ्यात चांगला विचार झाला. "घोडा कसा टिकवायचा ते मी बघतच नव्हते," ती म्हणाली. "राजाला घरी पोचायला किती खेळ्या लागतील तेवढंच मोजत होते." तिचं मोजमाप असं: जी६, मग उंट जी७ वर, मग एच८ चा हत्ती ई८ वर, मग राजा जी८ वर. चार खेळ्या. किल्लेकोट हातानं बांधायचा. त्या चार खेळ्यांत पांढरा काय करू शकतो, एवढाच प्रश्न उरला.

चौदा वर्षांच्या मुलीला हे सुचण्यामागे तिच्या आजोबांचा वाटा आहे असं मला वाटतं. आजोबा अजून ओट्यावर बसून देशी पद्धतीनं खेळतात. त्या खेळात आपल्या आजच्यासारखा किल्लेकोट नसतो. प्यादं साधारणपणे पहिल्या खेळीलाही एकच घर चालतं. राजाला शह बसलेला नसेल तर डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते, एरवी त्यानं एकेक घर चालत आपली जागा गाठायची. नातीनं त्यांच्याबरोबर कितीतरी डाव असे खेळले आहेत. किल्लेकोट गेला म्हणजे डाव गेला, ही भीती वर्गातल्या बाकीच्या मुलांमध्ये मला जशी दिसते तशी तिच्यात दिसत नाही. पटाच्या मधोमध उभा असलेला राजा तिला नवा नाही.

राजा पायी निघतो

५... जी६ ६. घो-सी३ उ-जी७ ७. उ-सी४+ उ-ई६

शह आल्यावर राजा एफ८ ला नेता आला असता, पण मग एच८ चा हत्ती कायमचा कोंडला जातो. तिनं उंट मध्ये घातला. हल्लेखोराचे मोहरे एकेक करून पटावरून कमी करायचे, हा विचार योग्यच आहे. समोरच्याला ८. डी५ खेळून तो उंट हाकलता आला असता. पण मग पांढऱ्याच्या स्वतःच्या सी४ च्या उंटापुढे त्याचंच प्यादं आडवं येतं. त्यानं मारामारी पत्करली.

८. उ×ई६+ रा×ई६ ९. एफ४

आठव्या खेळीला राजा ई६ वर. मी तेव्हा पालकांबरोबर हॉलच्या दारापाशी उभा होतो. तिथून पट दिसत नव्हता, पण तिच्या पटाभोवती चार-पाच खेळाडू जमलेले दिसले. आपला डाव सोडून मुलं दुसऱ्याच्या पटाशी येऊन उभी राहिली की तिथे काहीतरी शिजतंय हे कळतं.

एफ४ नंतर एफ५+ आणि ई५ अशा दोन धमक्या आहेत. तिनं ९... रा-एफ७ खेळून राजा एक घर मागे घेतला. मग आली १०. ई५. एफ६ च्या घोड्यावर प्याद्याचा हल्ला. घोडा पळवला की एफ५ नं राजापुढची सगळी भिंत फुटणार, असा पांढऱ्याचा हिशेब.

१०... ह-ई८

डावातली माझी आवडती खेळी हीच. घोडा तसाच माऱ्यात सोडला, हत्ती ई स्तंभावर आणला. आता पट नीट पाहा: हत्ती ई८ वर, त्याच्यासमोर पांढरं प्यादं ई५ वर आणि त्याच स्तंभात खाली पांढरा राजा ई१ वर. त्या प्याद्यानं घोडा मारायचा तर त्याला ई स्तंभ सोडावा लागतो. सोडला की राजा हत्तीच्या माऱ्यात उघडा पडतो. म्हणजे ई५×एफ६ ही खेळी नियमानंच करता येत नाही. समोरच्या मुलाचा हात त्या प्याद्यापर्यंत गेला होता, असं ती सांगते. बोटं प्याद्याला टेकायच्या आत थांबली. टेकली असती तर स्पर्श केलेला मोहरा हलवण्याच्या नियमानं त्याला ते प्यादं ई६ वर ढकलावं लागलं असतं, आणि तिथे हत्तीनं ते शहासकट उचललं असतं.

हात मागे घेऊन त्यानं बराच वेळ विचार केला आणि ११. किल्लेकोट (राजाच्या बाजूचा) केला. आता राजा ई स्तंभातून निघाला, प्यादं मोकळं झालं आणि घोडा खरोखरच माऱ्यात आला.

घोडा परत द्यायचा

या प्रकरणाचा गाभा अकराव्या खेळीत आहे. तिनं इथे २१ मिनिटं घेतली, आणि ही मिनिटं मला अजिबात खटकत नाहीत. विचार करायची जागा हीच होती.

घोडा वाचवायच्या वाटा आहेत. डी७ ला किंवा जी८ ला परत नेता येतो. पण दोन्हीकडे १२. एफ५ येतं. एफ स्तंभात पांढरा हत्ती, त्याच स्तंभात काळा राजा. प्यादी फुटली की हल्ला थेट राजाच्या अंगावर. जी८ ला नेला तर आणखी वाईट, कारण राजाला जिथे जायचं आहे ते घर आपल्याच घोड्यानं अडवलं. ११... डी×ई५ हा तिसरा मार्ग आहे आणि तो वाईट नाही. १२. एफ×ई५ नंतर रा-जी८ खेळून काळा तग धरतो. पण त्यात एफ स्तंभ पांढऱ्याच्या हत्तीसाठी पूर्ण उघडतो.

तिनं खेळलं ११... रा-जी८. घोडा माऱ्यातच राहू दिला. राजा घरी पोचला.

१२. ई×एफ६ व×एफ६

आता हिशेब मांडू. चौथ्या खेळीला मिळालेला जादा मोहरा ही उसनवारी होती, ती तिनं व्याजासकट फेडली. मोहरे सारखे झाले आणि पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त राहिलं. पण पट बघितला तर काळ्याचा राजा जी८ वर, पुढे जी७ चा उंट. ई स्तंभ मोकळा, त्यावर काळ्याचा हत्ती. एफ६ चा वजीर डी४ च्या प्याद्यावर रोखलेला. उलट पांढऱ्याचा सी१ चा उंट अजून हललेला नाही. जो डाव पांढऱ्यानं हल्ल्यासाठी सुरू केला होता त्यात आता हल्लाच उरलेला नाही.

डी४ चं प्यादं राखायला १३. उ-ई३ ही सगळ्यांच्या हातून पटकन जाणारी खेळी आहे. ती चालत नाही, कारण ई३ च्या उंटाला मागून कोणाचाच आधार नाही आणि ई८ चा हत्ती तो फुकट उचलतो. ई स्तंभ पांढऱ्यानं स्वतःच, घोडा मारण्याच्या नादात उघडला होता. १३. घो-ई२ किंवा १३. डी५ खेळून प्यादं टिकवता आलं असतं. मग पांढऱ्याकडे प्यादं आणि काळ्याकडे मोकळा ई स्तंभ नि लांब तिरकीचा उंट, असा चुरशीचा डाव झाला असता. निखळ बुद्धिबळ म्हणून पाहिलं तर पांढऱ्यानं तेच करायला हवं होतं. पण घोडा देऊन डाव सुरू केलेल्या माणसाला नऊ खेळ्यांनी प्यादं राखत बसणं जड जातं. त्यानं परत हल्ल्याचीच वाट धरली.

१३. घो-डी५ व×डी४+ १४. व×डी४ उ×डी४+ १५. रा-एच१ घो-ए६

सी७ चं प्यादं ए६ च्या घोड्यानं राखलं. प्यादी सहा-सहा, वजीर पटावरून गेले. पंधराव्या खेळीला शह अडवण्यासाठी उ-ई३ खेळलं असतं तर उ×ई३+, घो×ई३, ह×ई३ असा मोहरा गेला असता, म्हणून राजाला कोपरा गाठणं भाग होतं.

१६. सी३ उ-जी७

ही मागे जाणारी खेळी छोटी दिसते, पण इथे डाव हातातून निसटण्याची पूर्ण शक्यता होती. उंटावर प्याद्याचा हल्ला आहे, आणि तो सी५ ला नेला तर जास्त रुबाबदार दिसतो. मी पुढे हीच स्थिती वर्गात मांडली तेव्हा बहुतेक मुलांनी सी५ वरच बोट ठेवलं. पण मग १७. घो-एफ६+ आणि राजा व ई८ चा हत्ती एकाच घोड्याच्या कात्रीत. एफ६ च्या घरावर उंटाची नजर राहायलाच हवी. तिनं हे दोन मिनिटांत पाहिलं. दमलेली असताना पाहिलं, याचं मला विशेष कौतुक आहे.

१७. उ-डी२ सी६ १८. घो-ई३ घो-सी५ १९. ह(एफ१)-ई१ घो-डी३ २०. ह-ई२ घो×बी२

हत्ती ई१ वर आणणं ही पांढऱ्याची चूक. डी३ च्या घोड्यानं एका वेळी तो हत्ती आणि बी२ चं प्यादं दोन्ही धरलं. चौथ्या खेळीला मोहरा घेऊन अकराव्याला परत देणारी काळी बाजू विसाव्या खेळीला स्वच्छपणे एक प्यादं वर होती.

आणि घड्याळात ६ मिनिटं होती. समोरच्याकडे तासाहून जास्त.

मग जिंकली का नाही

पुढच्या खेळ्या मी तपशिलात देत नाही. त्या चुकीच्या नाहीत, घाईच्या आहेत. ३० सेकंदांच्या भरीवर खेळताना माणूस मोहरे अदलाबदल करून पट रिकामा करायला बघतो, कारण रिकाम्या पटावर चुका कमी होतात. तिनं तेच केलं. पण प्यादं वर असताना सरसकट अदलाबदल उपयोगाची नसते. मोहरे कमी करायचे, प्यादी मात्र पटावर ठेवायची, आणि शक्यतो दोन्ही बाजूंना. तिच्या अदलाबदलीत वजिराच्या बाजूची सगळी प्यादी संपली. उरला एकेका हत्तीचा शेवट, राजाच्या बाजूला तीन विरुद्ध दोन प्यादी. असा शेवट समोरचा जाणकार असेल तर सहसा बरोबरीतच सुटतो, आणि हा मुलगा जाणकार होता. चाळिसावी खेळी ओलांडल्यावर त्यानं बरोबरीसाठी हात पुढे केला, तिनं मान्य केलं.

बाहेर सेव-उसळीच्या गाडीपाशी दोघांनी पुन्हा डाव मांडला. कोणी बोलावलं नव्हतं, आपणहून मांडला. मुलगा मोकळ्या स्वभावाचा. अकराव्या खेळीवर आला तेव्हा हसून म्हणाला, "राजा तो घरे पहोंची गयो!" त्याच्या तयारीत काळा घोडा वाचवायला धावतो, अशाच फांद्या होत्या. घोडा सोडून राजा चालत निघून जाईल हे त्यानं घरी पाहिलंच नव्हतं. ऑनलाइन तीन मिनिटांच्या डावांत तो हे गॅम्बिट नेहमी खेळतो आणि बहुतेक वेळा जिंकतो, असंही त्यानं सांगितलं.

त्याचं जिंकणं मला खरं वाटतं. आजची संगणक इंजिनं कॉक्रनमध्ये काळ्याच्या बाजूनं कौल देतात. पण इंजिनाला घड्याळाची भीती नसते आणि राजा ई६ वर उभा असताना त्याचे हात गार पडत नाहीत. या गॅम्बिटची किंमत मोहऱ्यांत मोजली तर पांढरा तोट्यात, मिनिटांत मोजली तर या डावात तो चक्क पन्नासहून जास्त मिनिटांनी फायद्यात होता. तिची चौथी आणि पाचवी खेळी मिळून ३१ मिनिटं गेली. त्यातली निम्मी जरी विसाव्या खेळीनंतर हाताशी असती, तर प्यादी दोन्ही बाजूंना ठेवून खेळायला तिला उसंत मिळाली असती. डाव पटावर वाचला आणि घड्याळात अडकला.

पालकांपैकी एका काकांनी नंतर मला विचारलं की मग पेट्रॉफ सोडून दुसरं काही शिकवणार का. नाही. ओपनिंगमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं. एका अनपेक्षित खेळीसाठी आख्खी पद्धत बदलली तर पुढच्या स्पर्धेत दुसरी अनपेक्षित खेळी येणारच, आणि मग तीही पद्धत सोडायची का?

बदल केला तो एवढाच. कॉक्रनपुरती तिनं आता एक ठराविक वाट निवडली आहे: ५. डी४ ला ५... सी५. डी४ आणि ई४ ची जोडी तिथेच फोडायची. ६. डी×सी५ घो-सी६ नंतर काळ्याचा घोडा लगेच बाहेर येतो. ७. उ-सी४+ उ-ई६ ८. उ×ई६+ रा×ई६ इथे राजा पुन्हा ई६ वर येतो खरा, पण आता पांढऱ्याचं मधलं प्यादं डी स्तंभातून निघून गेलेलं आहे आणि डी५+ असा धक्का उरत नाही. निवड तिची आहे. मी जी६ चीच वाट आणखी खोल करू म्हणत होतो, कारण ती तिनं स्वतः शोधली होती. तिचं म्हणणं असं की सी५ मध्ये आठव्या खेळीपर्यंत तिला विचारच करावा लागणार नाही, आणि राजा ई६ वरून परत कसा आणायचा ते तर तिला येतंच. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गेल्या रविवारी ती याच स्थितीतून वर्गातल्या मुलांशी घड्याळ लावून खेळली. आठव्या खेळीनंतरचा पट मांडायचा, काळ्याला २० मिनिटं, पांढऱ्याला ४०. आजोबाही येऊन बसले होते. एफ७ ला मागे येणाऱ्या राजाकडे बघून ते म्हणाले, "इथून जी८ ला एका उडीत गेला असता." नात म्हणाली, "आजोबा, एफ७ वरून जी८ एकाच घरावर आहे, उडी कशाला?" त्यांनी पुढे वाकून पुन्हा पट पाहिला, आणि मग ई६ वर बोट ठेवून तिथून घोड्याच्या चालीची घरं मोजायला लागले.